कॅरिबियन क्रूझ: पूर्वेची फेरी घ्यावी की पश्चिमेची? गोव्यातून जाणाऱ्यांसाठी

गोव्याच्या माणसाला कॅरिबियन क्रूझ विकताना एजंट सगळ्यात आधी किनाऱ्याचा फोटो पुढे करतो. पांढरी वाळू, निळंशार पाणी, वाकलेला माड. आता माड आपल्या परसात आहेत आणि किनारा म्हणाल तर केरीपासून पोळ्यापर्यंत हवा तेवढा. त्यासाठी दीड दिवस विमानात आणि विमानतळांवर काढून लाखांनी रुपये घालवायचं काही कारण नाही. तेव्हा दोन क्रूझची पत्रकं समोर असतील आणि दोन्हींवर तोच माड असेल, तर पत्रकं बाजूला ठेवा. आपल्याकडे जे नाही ते कुठल्या फेरीत जास्त वेळ आणि धडपणे बघायला मिळेल, एवढाच प्रश्न धरून निवड करा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

बहुतेक घरांत पेच असा पडतो: मायामीहून सुटणारी सात रात्रींची ‘ईस्टर्न’ घ्यायची की सात रात्रींचीच ‘वेस्टर्न’. बऱ्याचदा बोटही तीच असते. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारखी २०२४ साली आलेली अवाढव्य बोट मायामीहून आलटून पालटून पूर्वेला आणि पश्चिमेला जाते. म्हणजे जेवण तेच, घसरगुंड्या त्याच, नाटकं तीच. बदलतात ती फक्त बंदरं. म्हणून ‘कुठली बोट चांगली’ यावर घरात वाद घालत बसण्याआधी दोन्ही बोटी खरंच वेगळ्या आहेत का, ते बघून घ्या.

पूर्वेच्या फेरीत साधारणपणे पोर्तो रिकोचं सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन आणि डॉमिनिकन रिपब्लिकचं पोर्तो प्लाता यांतली दोन-तीन बंदरं आणि बहामातलं कंपनीचं खासगी बेट असतं. पश्चिमेच्या फेरीत मेक्सिकोची कोझुमेल आणि कोस्टा माया, होंडुरासचं रोआतान, ग्रँड केमन, बेलीझ, जमैका यांतली तीन-चार. पूर्वेची बंदरं लांब असल्यामुळे त्या फेरीत दिवसभर समुद्रातच राहण्याचे दिवस बहुधा जास्त येतात. कुणाला तेच हवं असतं. आपल्याला काय हवं, ते आधी ठरवा.

आधी व्हिसा, मग बाकी सगळं

मायामीहून निघायचं तर अमेरिकेचा बी१/बी२, म्हणजे पर्यटनाचा व्हिसा लागणारच, फेरी पूर्वेची असो वा पश्चिमेची. बोट परदेशी बंदराला लागून पुन्हा अमेरिकेत येते, त्यामुळे व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळतो. अर्ज डीएस-१६० फॉर्मवर, फी १८५ डॉलर. गोवा मुंबईच्या कॉन्सुलेटखाली येतो, त्यामुळे बोटांचे ठसे आणि मुलाखत या दोन्ही कामांसाठी मुंबई. ही कामं बहुधा वेगवेगळ्या दिवशी होतात. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी उतरायचं, पहिल्या दिवशी ठसे, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत, असा बेत धरावा. मुलाखतीला मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तो नातेवाइकाकडे किंवा हॉटेलात ठेवून जा. मुलाखतीची तारीख कित्येकदा काही महिन्यांनंतरची मिळते. म्हणून क्रूझचे पूर्ण पैसे भरायच्या आधी व्हिसा हातात हवा. हा क्रम उलटा केला की पैसे अडकतात.

इथे गोव्यापुरत्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. आपल्याकडे घरटी एखादा बोटीवर नोकरी केलेला माणूस सापडतो. त्याच्या पासपोर्टवर अमेरिकेचा सी१/डी व्हिसा असेल तर तो खलाशांचा आहे. तो माणूस त्याच बोटीवर दहा वर्षं राबलेला असला तरी त्या व्हिसावर प्रवासी म्हणून सुट्टीला जाता येत नाही. त्यालाही बी१/बी२ काढावा लागतो. दुसरी गोष्ट पोर्तुगीज पासपोर्टची. पोर्तुगाल अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत आहे, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला ऑनलाइन ‘एस्टा’ मंजुरी पुरते. पण एकाच घरात नवऱ्याकडे पोर्तुगीज आणि बायकोकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर सगळ्यांची तयारी बायकोच्या मुलाखतीच्या तारखेवर ठरते. आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्याने ओसीआय कार्ड घरच्या कपाटात ठेवून निघू नये. परत येताना ते लागतं.

अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. बाकी बंदरांचं काय, ते क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्या, कारण बोटीवर चढू द्यायचं की नाही हे शेवटी त्यांचा माणूस धक्क्यावर ठरवतो. ‘सगळं होतं हो’ असं एजंट तोंडी म्हणाला तर ते पुरेसं धरू नका.

महिना कुठला?

माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो, आणि लोक याच गोष्टीकडे सगळ्यात कमी बघतात.

अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि १० सप्टेंबरच्या आसपास तो ऐन भरात असतो. म्हणजे नेमका आपला पावसाळा, चवथ आणि दिवाळी. गोव्यात हॉटेल, शॅक, टॅक्सी असा पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांना मोकळीक मिळते ती याच दिवसांत, आणि क्रूझची भाडीही याच दिवसांत उतरतात. एजंट ‘ऑफर’ म्हणून दाखवतो ती बहुधा सप्टेंबरची असते.

वादळामुळे प्रवाशांच्या जिवाला धोका क्वचितच असतो. कप्तान बोट वादळाच्या वाटेतून बाजूला काढतो. पण त्यात आपली निवड मात्र वाहून जाते. पूर्वेचं तिकीट काढलेल्यांना पश्चिमेची बंदरं दाखवून आणतात, किंवा बंदर गाळून एक दिवस समुद्रात काढतात, आणि करारात तशी मुभा कंपनीने घेतलेली असते. पोर्ट टॅक्सपोटी थोडे पैसे परत येतात, तेवढंच.

वादळं सगळीकडे सारखी येत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला, जूनमध्ये, ती बहुधा मेक्सिकोच्या आखातात आणि पश्चिम कॅरिबियनमध्ये जन्मतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आफ्रिकेच्या बाजूने अटलांटिक ओलांडून येणारी मोठी वादळं आधी पूर्वेच्या बेटांवर आदळतात: सप्टेंबर २०१७ मध्ये इर्माने सेंट मार्टिन आणि सेंट थॉमसची दैना केली, आणि पाठोपाठ मारियाने पोर्तो रिको झोपवलं. ऑक्टोबरमध्ये रोख पुन्हा पश्चिमेकडे वळतो. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा कोझुमेलवर ठाण मांडून बसलं होतं, आणि २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा पाचव्या श्रेणीचं वादळ होऊन जमैकावर आलं.

यावरून आपलं कॅलेंडर असं लागतं. जूनमध्येच जमत असेल तर पूर्व. चवथीच्या आगेमागे कुठलीच नको. तेव्हा घरी मोदक-नेवऱ्या खाव्यात. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर पश्चिम टाळा. नोव्हेंबरच्या मध्यात आली तर दोन्ही मोकळ्या.

शाळेत जाणारी मुलं असतील तर मे हा सोयीचा महिना. वादळांचा हंगाम सुरू झालेला नसतो आणि अमेरिकेतल्या शाळा अजून सुटायच्या असतात, म्हणून भाडी बरी असतात. पण मेमध्ये सारगॅसम येतं. हे तरंगणारं तपकिरी शेवाळ साधारण मार्च-एप्रिलपासून किनाऱ्यांवर ढिगाने लागतं आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास मारतं. कोस्टा मायाच्या आणि एकूणच मेक्सिकोच्या पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर त्याचा त्रास जास्त. कोझुमेलच्या पश्चिम अंगाला, म्हणजे बोटी लागतात त्या बाजूला, बेटाचाच आडोसा असल्यामुळे तिथे पाणी बहुधा स्वच्छ राहतं. मेमध्ये पश्चिमेची फेरी घेताना कोस्टा मायावाली न घेता कोझुमेल आणि रोआतानवाली बघा.

नाताळ आणि नवं वर्ष सगळ्यात महाग. डिसेंबरचा पहिला पंधरवडा मात्र स्वस्तातला, आणि हवाही छान. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर अमेरिकेतून थंड वाऱ्याचे झोत खाली येतात. पश्चिमेच्या बंदरांना त्याचा मारा बसतो आणि बोट धक्क्याला न लागता पुढे निघून जाते, असं अधूनमधून होतं. पूर्वेला त्याच सुमारास व्यापारी वारे जोरात असतात, त्याने बोट हलते पण बंदर सहसा गळत नाही.

बंदरं नव्हे, तास मोजा

एक कोरा कागद घ्या. डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. प्रत्येक बंदरापुढे बोट लागण्याची आणि सुटण्याची वेळ लिहा. मग कात्री लावा. बोट लागल्यावर उतरायला सुरुवातीचा अर्धा तास. सुटण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास सगळ्यांना आत बोलावतात, तो वजा. त्याच्याही आधी अर्धा तास आपल्या मनाच्या शांतीसाठी. सकाळी आठ ते दुपारी चार असं छापलेलं असलं की आठ तास वाटतात, हातात येतात सहा. सकाळी सात ते दुपारी एक असेल तर चारच. त्यात शहर बघून होत नाही, फार तर धक्क्याजवळची दुकानं होतात. दोन्ही रकान्यांची बेरीज केली की कधी कधी तीन बंदरांची फेरी चार बंदरांच्या फेरीपेक्षा जास्त तास देते.

घड्याळाचा एक घोळही त्या कागदावर नोंदवा. सान हुआन, सेंट थॉमस वर्षभर एकाच वेळेवर चालतात, मायामी हिवाळ्यात त्यांच्या एक तास मागे असते. कोझुमेल हिवाळ्यात मायामीबरोबर आणि उन्हाळ्यात एक तास मागे. बोटीची वेळ आणि बेटाची वेळ वेगळी असू शकते आणि मोबाइल बेटाची वेळ उचलतो. बोट मात्र स्वतःच्या घड्याळावर सुटते. उतरण्याआधी दारावर लिहिलेली वेळ बघा, किंवा साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावून ठेवा.

आता बंदरांत काय आहे ते बघू. सगळी सांगत नाही, ज्यांच्यामुळे निवड फिरते तेवढीच.

पूर्वेचं मुख्य आकर्षण सान हुआन. बोट थेट जुन्या शहराच्या पायथ्याशी लागते आणि निळसर दगडांच्या फरसबंद गल्ल्यांतून वीस-पंचवीस मिनिटं चालत गेलं की एल मोरो किल्ला येतो. स्पॅनिशांनी हा १५३९ मध्ये बांधायला घेतला. तो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही १९८३ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आग्वादला लहानपणापासून जाणाऱ्याला इथे मजा येते ती वेगळ्याच कारणाने: पोर्तुगीजांनी मांडवीच्या तोंडावर जे केलं, तेच स्पॅनिशांनी इथे केवढ्या आकारात केलं ते दिसतं. समुद्राच्या बाजूने एकावर एक सहा मजले तटबंदी चढत जाते. टॅक्सी, टूर काहीही लागत नाही, पाण्याची बाटली आणि टोपी पुरते. पण मेख अशी की किल्ला संध्याकाळी पाचच्या आधीच बंद होतो आणि कित्येक फेऱ्यांत बोट सान हुआनला दुपारी तीन-चारला लागून रात्री सुटते. तशी वेळ असेल तर त्या फेरीतून किल्ला वजा समजा. मग पूर्वेचं निम्मं वजनच जातं.

सेंट थॉमस १९१७ पर्यंत डेन्मार्ककडे होतं. अमेरिकेने ते शेजारच्या दोन बेटांसकट अडीच कोटी डॉलरला विकत घेतलं. डोंगरावरून दिसणारी मेगन्स बे ही खाडी सुंदर आहे यात वाद नाही, पण पाळोळं पाहिलेल्याने तिथे तासन्‌तास घालवावेत असं मला वाटत नाही. शार्लट अमालीच्या मुख्य रस्त्यावर आणि सेंट मार्टिनच्या फ्रंट स्ट्रीटवर ओळीने दागिन्यांची दुकानं आहेत, त्यांतली पुष्कळ सिंधी व्यापाऱ्यांची. हिंदीतून घासाघीस करता येते, हा एक फायदा. तोटाही तोच: बोलता बोलता पाकीट उघडतं. भारतात उतरताना सोन्यावर कस्टम आहे हे लक्षात असू द्या. सेंट मार्टिनला माहो किनाऱ्यावर डोक्यावरून विमानं उतरतात. मुलं असतील तर तेवढं जरूर बघा.

पश्चिमेचं खरं धन पाण्याखाली आहे. मेक्सिकोपासून बेलीझ, ग्वातेमालामार्गे होंडुरासपर्यंत सुमारे हजार किलोमीटर लांबीची प्रवाळरांग पसरली आहे, ऑस्ट्रेलियाखालोखाल जगातली दुसरी. कोझुमेल आणि रोआतान तिच्यावरच बसली आहेत. आपल्याकडे ग्रँड आयलंडला स्नॉर्केलिंग केलेल्यांना ठाऊक असेल, दिवस चांगला असला तरी पाणी धुरकट असतं. नद्यांचा गाळ आणि पाण्यातलं प्लवक यामुळे तसं होतं. त्याच प्लवकावर आपले बांगडे-तारले पोसतात, म्हणून तक्रार करायची नाही. कॅरिबियनच्या पाण्यात पोषकद्रव्यं कमी, म्हणून प्लवक कमी, आणि तळाला प्रवाळाची पांढरी वाळू. त्यामुळे पोहता न येणारा माणूसही जीवरक्षक जाकीट घालून, काच तोंडाला लावून नुसता पालथा तरंगला तरी खालची पंख्यासारखी प्रवाळं, निळे-पिवळे मासे दिसतात. गोव्यात हे मिळत नाही. एवढ्या एका कारणासाठी माझं पारडं पश्चिमेकडे झुकतं.

दुसरं धन माया संस्कृतीचं, पण त्यात पत्रकं फसवतात. कोझुमेल हे बेट आहे. चिचेन इत्झा हे मायांचं प्राचीन शहर मुख्य भूमीवर: आधी पाऊण तास फेरीबोट, मग बसने अडीच-एक तास, आणि तेवढंच परत. बोटीच्या वेळेत ते बसवायचं म्हणजे देवाला लांबून हात जोडून पळायचं. तुलुम त्या मानाने जवळ, समुद्राच्या कड्यावरचं, आणि एका दिवसात जमण्यासारखं. कोस्टा मायाहून चाकचोबेन तासाभराच्या अंतरावर. तिथे जंगल आहे, गर्दी कमी. आणि कुठेच जायचं नसेल तर कोझुमेल बेटावरच सान हेर्वासिओ आहे, लहानसं.

जमैकाचं नाव वाचून क्रिकेटवेडे हुरळतात. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १९७१ च्या दौऱ्यात ६४२ धावा कुटल्या, त्यांतल्या २१२ किंग्स्टनच्या सबायना पार्कवर. पण क्रूझ लागते फालमथला, ओचो रिओसला किंवा माँटेगो बेला. किंग्स्टन बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहे. मैदानासाठीच जायचं असेल तर दोन्ही फेऱ्या सोडा आणि बार्बाडोसला लागणारी दक्षिणेची फेरी बघा. ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल, जिथे २९ जून २०२४ ला आपण टी-२० विश्वचषक जिंकलो, ते धक्क्यापासून फार लांब नाही, आणि सरदेसाईंनी १९७१ मध्ये तिथे दीडशे काढले होते. अरुबा, बोनेर, कुरासाव ही दक्षिणेची बेटं वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर आहेत, हाही फायदा.

गुडघे आणि पोट

आईवडील बरोबर असतील तर कागदावर ‘टेंडर’ शब्द शोधा. काही बंदरांत धक्का नसतो. बोट समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या होड्यांनी माणसं किनाऱ्यावर नेतात. दिवाडीच्या फेरीबोटीत चढल्यासारखं ते नसतं. होडी लाटेबरोबर वरखाली होत असते आणि बरोबर क्षणाला पाय टाकावा लागतो. ग्रँड केमनला धक्काच नाही (२०२५ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी तो बांधायला नकार दिला) आणि बेलीझलाही टेंडरचा प्रवास लांबचा आहे. वारा सुटला की पहिली रद्द होतात ती हीच बंदरं. पूर्वेच्या वर सांगितलेल्या बंदरांत बोट सहसा धक्क्याला लागते. गुडघेदुखीवाल्यांसाठी पूर्व, असं मी बिनदिक्कत सांगेन.

बोट लागून मळमळण्याचं म्हणाल तर पूर्वेची वाट अटलांटिकच्या उघड्या अंगाने जाते, तिथे लाट जास्त. पश्चिमेला बराच वेळ क्युबाचा आडोसा मिळतो. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली की हेलकावे कमी जाणवतात. अगदी वरची आणि टोकाची केबिन महाग असते आणि जास्त हलते, हे कुणी आधी सांगत नाही. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर किंवा पोहण्याचा तलाव नाही ना, तेही नकाशात बघा. पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. अव्होमिनसारखी गोळी चालेल का ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. समुद्र सोसतो की नाही याचीच शंका असेल तर मुंबईहून सुटून मुरगावला लागणारी एखादी देशी क्रूझ आधी करून बघा. फार स्वस्तात खात्री होते.

खाण्याची काळजी फार करू नये. मोठ्या बोटींवर भारतीय पदार्थ असतात आणि शाकाहारी, जैन जेवण आधी कळवलं तर मिळतं. रात्रीच्या जेवणाला हेड वेटरला पहिल्याच दिवशी सांगा, तो दुसऱ्या दिवसापासून वेगळं करून आणतो, आणि तो वेटर सासष्टीचा निघण्याची शक्यता बरीच आहे. घरचं शिजवलेलं अन्न चढू देत नाहीत. सीलबंद पाकिटं चालतात. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री जप्त होते. ताजी फळं आणि कढीपत्ता अमेरिकेत न्यायचा नाही. बोटीवरचं सफरचंदही बेटावर घेऊन उतरायचं नसतं.

पैसे

छापलेलं भाडं माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतं. एकटा जाणारा जवळजवळ दोघांचं भरतो. समजा माणशी ७०० डॉलर छापलंय. त्यावर पोर्ट टॅक्स आणि फी १५०, बक्षिसी रोजी १८ प्रमाणे सात दिवसांची १२६: झाले ९७६. वाय-फाय, दारू, बंदरावरच्या सहली अजून बाहेरच. दोन फेऱ्यांची तुलना करताना हा शेवटचा आकडा शेजारी शेजारी मांडा. पश्चिमेला बंदरं जास्त, म्हणून सहलींचा खर्च जास्त. सान हुआनसारख्या बंदरात पायी फिरून काम भागतं.

एवढं करून शे-दोनशे डॉलरचा फरक निघाला तर तो विसरा. विमानाचं भाडं दोन्हीकडे तेच आहे आणि बहुतेक वेळा क्रूझपेक्षा जास्त आहे. एवढ्या लांब जाऊन शंभर डॉलरसाठी दुय्यम फेरी घेणं हा खोटा हिशेब.

दारूच्या पॅकेजबद्दल आपल्याकडे उत्साह असतो. अमेरिकेहून सुटणाऱ्या बोटींवर वयाची अट २१ आहे, गोव्यात १८. कॉलेजातल्या मुलाला आधीच सांगून ठेवा. शिवाय बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. नवरा पिणारा आणि बायको न पिणारी असेल तर सुटे ग्लास परवडतात.

इथल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो खर्च नव्हे. रिटर्न भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. दर बजेटमध्ये बदलत असतो, सीएला विचारा आणि आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर नोंद आली का ते पाहा. बोटीवर खात्याला कार्ड जोडताना काही रक्कम अडकवून ठेवतात, म्हणून सगळे पैसे एकाच फॉरेक्स कार्डावर ठेवू नका.

कुठून चढायचं

मोपाहून दोहामार्गे मायामीला एका बदलात पोचता येतं. मुंबई-दिल्लीमार्गे बदल वाढतात. पण नातेवाईक कुठे आहेत तेही बघा. मुलगी ह्यूस्टनला असेल तर गॅल्व्हस्टनहून पश्चिमेची फेरी सोपी; तिच्याकडे चार दिवस राहून जेट लॅग उतरवून चढता येतं. न्यू जर्सीला भाऊ असेल तर बेयॉनहूनही बोटी सुटतात, मात्र थंडीत पहिले दोन दिवस डेकवर स्वेटर लागतो. ऑर्लँडोची डिस्ने सफर जोडायची असेल तर पोर्ट कॅनाव्हेरल.

कुठूनही निघा, बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी तरी त्या शहरात पोचा. शक्य असेल तर दोन दिवस आधी. बोट विमानासाठी थांबत नाही आणि पुढच्या बंदरावर जाऊन गाठायची म्हटली तर खर्च आणि कागदपत्रं दोन्ही आपल्यावर.

बुक करताना

दोन्ही फेऱ्यांचे कागद भरून झाले असतील तर निवड बहुधा आपसूक दिसते. माझं मत विचाराल तर: पाण्यात उतरणारी माणसं, मुलं, आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा मे असेल तर पश्चिम, त्यात कोझुमेल आणि रोआतान हवंच. ज्येष्ठ मंडळी, इतिहासाची आवड, किंवा महिना जून अथवा ऑक्टोबर असेल तर पूर्व, पण सान हुआनला बोट सकाळी लागत असेल तरच.

ठेव परत मिळणारी असेल असं भाडं घ्या, दहा-पंधरा टक्के महाग पडलं तरी. पूर्ण पैसे भरायची मुदत बहुधा सुटण्याच्या अडीच-तीन महिने आधी येते. विम्यात ‘क्रूझ’ हा शब्द लिहिलेला आहे आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने दवाखान्यात नेण्याचा खर्च धरला आहे, ते पॉलिसी उघडून वाचा. बोटीवरचा डॉक्टर फुकट नसतो.

बेटावर स्वतःची टॅक्सी करून लांब जायचं असेल तर परतीला तासभर हात राखून ठेवा. कंपनीची सहल उशीर करून आली तर बोट थांबते. आपली टॅक्सी अडकली तर नाही. तुलुमसारख्या लांबच्या जागेला म्हणून कंपनीचीच सहल घ्यावी, महाग असली तरी. एल मोरोसाठी घेऊ नये. जमैका आणि बार्बाडोसमध्ये लष्करी छापाचे कपडे घालायला बंदी आहे, मुलांच्या पँटी तपासा. सेंट थॉमसला ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन चालत नाही, झिंक ऑक्साइडचं घ्या.

चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत असू द्या. उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा. बोट सहा-सातला लागली तरी इमिग्रेशन आणि टॅक्सी धरून परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.